सुधाकर नेमका कुठे पडला? शोकांत नायकाचा दोष शोधण्याची रीत

बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात 'एकच प्याला' कशावर आहे असं विचारा, उत्तर ठरलेलं आहे: दारूवर. गुजरातेत राज्य स्थापन झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. इथे वाढलेल्या मुलांना तर हे नाटक नशाबंदीच्या प्रचारासाठीच लिहिलंय असं वाटतं. उत्तरपत्रिकेतही मग तेच उतरतं: 'सुधाकर दारूच्या आहारी गेला आणि त्याचा नाश झाला.'

हे वाक्य खोटं नाही. पण त्यात नाटकाचा नायक सुधाकर कुठेच नाही. त्याच्या जागी कुणाचंही नाव घातलं तरी ते चालेल. आणि त्याच नाटकात त्याला दारूची वाट दाखवणारा तळीरामही पितो, पिऊनच मरतो. त्याच्या अखेरच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी भांडतात आणि प्रेक्षक हसतात. सुधाकर मरतो तेव्हा कुणीही हसत नाही. दोघांच्या हातात प्याला तोच, मग एकाचं मरण प्रहसनात जमा आणि दुसऱ्याचं काळीज पिळवटणारं, असं का? याचं उत्तर दारूत सापडत नाही, माणसात शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, हे इथे पायरीपायरीने सांगते.

हा लेख साहित्य शिकणाऱ्यांसाठी आहे, गणेशोत्सवात किंवा स्पर्धेत नाटक बसवणाऱ्यांसाठी आहे, आणि घरगुती वाचन मंडळांसाठीही. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत अशी मंडळं चालतात. आमचंही एक आहे. खाली दिलेली रीत तिथेच घासूनपुसून तयार झालेली आहे.

उदाहरणाला 'एकच प्याला'च घेते, कारण ते आपल्या गावाचं नाटक आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. सयाजीराव महाराजांचा या मंडळीला आश्रय होता. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू. ज्या गावात हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं, त्या गावाने ते दारूवर म्हणून बाजूला ठेवावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तयारी फार नाही. संहितेची स्वतःची प्रत घ्या, म्हणजे समासात पेन्सिलीने लिहिता येईल. गडकऱ्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, त्यामुळे संहिता सहज मिळते. एक वही घ्या. आणि पहिलं वाचन पेन्सील न उचलता, शक्यतो मोठ्याने करा. गडकऱ्यांचं गद्य डोळ्यांनी वाचलं तर जड वाटतं, कानावर पडलं की त्यातला वेग कळतो.

पायरी पहिली: आधी उंची लिहा

दोष शोधायला बसलेला माणूस पहिल्या पानापासून दोषच शोधू लागतो. तसं करू नका. नायक पडण्याआधी कुठे उभा होता, ते आधी लिहून काढा. अ‍ॅरिस्टॉटलने ही अट फार स्पष्ट घातलेली आहे. विंदा करंदीकरांनी त्याचं काव्यशास्त्र मराठीत आणलंय, त्यातलं तेरावं प्रकरण जरूर वाचा. पूर्ण सज्जन माणूस विनाकारण रसातळाला गेला तर आपल्याला नुसता धक्का बसतो. दुष्ट माणूस गेला तर बरं वाटतं. शोकांतिकेचा नायक या दोघांच्या मधला, आपल्यासारखा पण आपल्यापेक्षा उंचावर असलेला, आणि एका चुकीपायी पडणारा.

सुधाकरचं काय काय चांगलं आहे? हुशार वकील. स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला. मानी. बायकोवर जीव. रामलालसारखा मित्र मिळवणारा. या यादीतल्या 'मानी' या शब्दाखाली रेघ ओढून ठेवा, कारण पुढे तोच शब्द परत येणार आहे. आणि आता तळीरामाची अशीच यादी करून पाहा. वही कोरी राहते. म्हणूनच त्याच्या पडण्यात पडणं असं काही नाही.

गुणांची यादी आधी करण्याचं खरं कारण हे आहे की मोठ्या शोकांतिकेत दोष कुठून बाहेरून आलेला नसतो. ज्या गुणाने माणूस वर चढला, तोच गुण चुकीच्या जागी तितक्याच जोराने चालवला गेला की तो दोष ठरतो. ग्रीक शोकांतिकेतला ईडिपस हट्टाने कोडं सोडवतो म्हणून थीब्जचा राजा होतो. त्याच हट्टाने तो आधीच्या राजाचा खुनी शोधायला निघतो. राणी थांब म्हणते, म्हातारा धनगर हात जोडतो, तरी तो थांबत नाही. शेवटी खुनी तो स्वतःच निघतो. हट्ट एकच, फक्त कोडं बदललं.

पायरी दुसरी: दोषाला नाव देऊ नका, त्याचं वाक्य करा

'अहंकार', 'मत्सर', 'महत्त्वाकांक्षा', 'संशय'. हे शब्द मार्गदर्शिकांमध्ये तयार मिळतात आणि तिथेच वाचकाचा विचार थांबतो. अहंकार रावणाचाही, दुर्योधनाचाही, सुधाकरचाही. मग तिघांत फरक काय राहिला?

त्याऐवजी असं वाक्य बनवा: अमुक घडलं की हा माणूस तमुक करू शकत नाही, आणि त्याऐवजी हे करतो. सुधाकरसाठी आमच्या मंडळात बऱ्याच वादानंतर ठरलेलं वाक्य असं: 'चारचौघांत मान गेला की सुधाकरला ते दुःख अंगावर वागवत दिवस काढता येत नाहीत, ते त्याच क्षणी पुसून टाकायला तो मिळेल तो मार्ग धरतो.'

यात दारू नाही हे पाहा. दारू हा 'मिळेल तो मार्ग' आहे. वाक्य पहिल्या झटक्यात जमणार नाही, जमायलाही नको. पेन्सिलीनेच लिहा, कारण पुढच्या पायरीला ते खोडावं लागेल.

पायरी तिसरी: निर्णयांची यादी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वहीत चार रकाने आखा: काय घडलं, समोर कोणते मार्ग होते, त्याने कोणता घेतला, आणि त्यामुळे कोणतं दार बंद झालं. दुसऱ्या रकान्यात निदान दोन तरी खरे मार्ग लिहिता आले पाहिजेत. एकही लिहिता येत नसेल तर तो निर्णय नव्हे, नुसतं ओढवलेलं संकट. तेही लिहा, पण वेगळ्या खुणेने.

सुधाकरची यादी करू.

कोर्टात मुन्सफाकडून, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाकडून, अपमान होतो. मार्ग: गप्प बसणं, नंतर वरच्या कोर्टात दाद मागणं, माफी मागून प्रकरण मिटवणं. सुधाकर तिथल्या तिथे उलट बोलतो. वकिलीची सनद काही काळासाठी जाते. आता चौथा रकाना नीट भरा. 'उत्पन्न बंद' एवढं लिहून सोडू नका. स्वतःच्या हुशारीवर वर आलेल्या माणसाची किंमत जगाला दाखवणारी एकच गोष्ट होती, ती वकिली. तीच गेली.

मग तो पहिला प्याला. तळीराम सुचवतो, सुधाकर घेतो. मार्ग: सनद परत मिळेपर्यंत दिवस काढणं. हे दिवस मोजके आहेत, जन्मभराचे नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे. पण मनातली ती आग त्याला आत्ताच्या आत्ता विझायला हवी आहे. इथे चौथ्या रकान्यात आमच्या मंडळातल्या बहुतेकांनी 'सर्व काही संपलं' असं लिहिलं होतं. नाटकाचं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, दुसरं काय! खरं तर त्या क्षणी जवळपास काहीच बंद झालेलं नाही. एवढंच झालं की अपमान पुसायचा एक सोपा मार्ग त्याला सापडला.

त्यानंतरचे प्रसंग भराभर लिहिता येतात. लोकांच्या नजरेतून उतरत जाणं, आणि जिथे कुणी त्याला नजर रोखून पाहत नाही अशी एकच बैठक उरणं: तळीरामाचं, पिणाऱ्यांचं आर्यमदिरा मंडळ. मानी माणसाला तिथे बरं वाटावं, यातच सगळं आलं.

आणि मग तो प्रसंग, जो मला या नाटकाचा कणा वाटतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. काम मागायला बाहेर पडतो. लोक त्याला झिडकारतात, त्याची टर उडवतात. आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो.

हा प्रसंग पहिल्या ओळीशेजारी ठेवून पाहा. तिथेही चारचौघांतला अपमान, इथेही अपमान. तिथेही समोर थोडे दिवस कळ काढण्याचा मार्ग होता, इथेही होता. आणि महत्त्वाचं म्हणजे काम मागायला निघालेला सुधाकर शुद्धीवर आहे. दारू त्याच्या पोटात नाही, तरी तो अगदी तसंच वागतो. दोष दारूत असता तर दारू बाजूला केल्यावर तो जायला हवा होता. तो गेला नाही, कारण तो दारूच्या आधीपासून तिथे होता.

शेवटची ओळ भयंकर आहे: दारूच्या भरात सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल जातं, सिंधूवर प्राणघातक घाव बसतो. इथे दुसऱ्या रकान्यात काय लिहिणार? काहीच नाही. पहिल्या ओळीत भरलेला रकाना शेवटच्या ओळीत कोरा होतो. वही आडवी धरून हा रकाना वरून खाली वाचला की ऱ्हास म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

शेक्सपिअरच्या मॅकबेथची, राज्यासाठी खून करत जाणाऱ्या सरदाराची, यादी करताना आणखी एक गोष्ट टिपा: प्रत्येक निर्णयापूर्वी तो विचार किती करतो. डंकनला मारण्याआधी तो स्वतःशी बराच वेळ झगडतो. हा आपला राजा आहे, नातलग आहे, आज आपल्या घरी पाहुणा आहे, ही सगळी कारणं तो स्वतःच मांडतो आणि माघारही घेतो. सोबतीचा सरदार बँको याच्या वेळी निर्णय झालेला असतो, बायकोलाही तो धड सांगत नाही. विरोधात गेलेल्या मॅकडफच्या बायकामुलांना मारताना तर त्यात फायदा काय, हेसुद्धा तो पाहत नाही. मनात आलं की हात उचलायचा, असं तो तेव्हा ठरवूनच टाकतो. खून वाढतात ते कुणीही मोजेल. विचार आखडत जातो, तो मोजायला शिका.

पायरी चौथी: माणसांची अदलाबदल

तुमचं दोषाचं वाक्य खरं आहे की नुसतं शोभेचं, हे तपासायची चाचणी अशी: नायकाला उचलून त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवा. परिस्थिती तीच, खलनायक तोच. शोकांतिका घडते का?

इंग्रजी समीक्षेत हा जुना खेळ आहे. शेक्सपिअरच्याच ऑथेल्लोच्या जागी हॅम्लेट ठेवला तर तो कान भरणाऱ्या इयागोच्या शब्दाशब्दाची चिकित्सा करत बसेल आणि ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना वाचेल. हॅम्लेटच्या जागी ऑथेल्लो ठेवला तर बापाच्या भुताचं ऐकून तो त्याच रात्री काकाचा निकाल लावेल, नाटक पहिल्या अंकात संपेल. म्हणजे ताबडतोब निर्णय घेणं हाही दोष नाही आणि रेंगाळणं हाही नाही. चुकीच्या नाटकात सापडणं हा घात आहे. आगरकरांचं 'विकारविलसित' (१८८३) म्हणजे मराठीतला हॅम्लेट आणि देवलांचं 'झुंझारराव' (१८९०) म्हणजे मराठीतला ऑथेल्लो; दोन्ही लागोपाठ वाचून हीच अदलाबदल मराठीतूनही करता येते.

आमच्या मंडळात एक निवृत्त वकील आहेत, न्यायमंदिराच्या इमारतीत कोर्ट भरायचं त्या काळापासूनचे. त्यांना म्हटलं, सुधाकरच्या जागी तुम्ही उभे राहा. ते म्हणाले, "मुन्सफ ओरडला तर 'जशी आज्ञा साहेब' म्हणायचं, बाहेर येऊन चहा घ्यायचा आणि अपिलाच्या तयारीला लागायचं. अशील आपल्या मानासाठी पैसे देत नाही, त्याच्या जमिनीसाठी देतो."

त्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "पण काका, ओरडणारा मुन्सफ चूक असेल तर? मग सुधाकर बोलला ते बरोबरच ना?"

वकीलकाका थोडा वेळ थांबले. "बोलला ते बरोबरच असेल," ते म्हणाले, "मीही तरुणपणी बोललो असतो. प्रश्न त्याच्यानंतरच्या आठवड्याचा आहे. बोलल्यावर जी किंमत पडते ती भरायची तयारी लागते. त्याला बोलायचं होतं, किंमत नको होती."

या एका वाक्याने आमचं दोषाचं वाक्य सुधारलं. आधी ते 'सुधाकरला अपमान सहन होत नाही' असं होतं. अपमान सहन न होणं हा गुणही असू शकतो. त्यानंतरचे दिवस काढता न येणं, तिथे खरी मेख आहे.

बहुतेक वेळा अदलाबदलीसाठी बाहेरून माणूस आणायचीही गरज नसते. चांगला नाटककार तो नाटकातच ठेवतो. चेटकिणींचं भाकीत मॅकबेथने ऐकलं तसं बँकोनेही ऐकलं. बँको कुणाचा खून करत नाही. 'एकच प्याला'त ही जागा रामलालची आहे. त्याचंही मन सुधाकरच्या विधवा बहिणीच्या, शरदच्या बाबतीत घसरतं. पण ते त्याचं त्यालाच उमगतं आणि तो वेळीच सावरतो. वरवर पाहता हे उपकथानक नाटकाला जोडल्यासारखं वाटतं, प्रयोगात त्यावर कात्रीही चालते. मला ते काढणं पटत नाही. दोष असूनही न पडलेला माणूस शेजारी दिसल्याशिवाय पडलेल्याचं पडणं मोजता येत नाही.

पायरी पाचवी: दुसऱ्यांचा वाटा

दोष सापडला म्हणजे सगळं खापर नायकावर, असं नाही. प्रत्येक मोठ्या प्रसंगाला दोन प्रश्न विचारा. अमुक माणूस नसता तर हे घडलं असतं का? आणि नायक असा नसता तर घडलं असतं का? दोन्ही उत्तरं 'नाही' आली की तुम्ही योग्य जागी पोचलात.

इयागो नसता तर ऑथेल्लो सुखाने नांदला असता. पण इयागोने संशय पेरल्यावर बायकोला समोर बसवून सरळ विचारणं, जिच्याशी तिचं नाव जोडलं त्या कॅसिओला बोलावून घेणं, हे ऑथेल्लोच्या हातात होतं. तो रणांगणावरचा माणूस: शंका आली की सोक्षमोक्ष लावायचा, मधल्या अवस्थेत राहायचं नाही. चेटकिणी मॅकबेथला राजा होशील म्हणतात, खून कर असं एकदाही म्हणत नाहीत.

सुधाकरला झिडकारणाऱ्या सभ्य लोकांना मात्र सोडू नका. सुधारू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावणारा समाज गडकऱ्यांनी मुद्दाम उभा केलाय. विद्यार्थी घाईत हा प्रसंग 'समाजाची निष्ठुरता' म्हणून वेगळ्या मुद्द्यात टाकतात. तो वेगळा मुद्दा नाही. नायकाचा दोष आणि जगाचा कठोरपणा जिथे एकमेकांत नेमके अडकतात, ती ही जागा आहे.

पायरी सहावी: त्याला कळतं कधी?

अ‍ॅरिस्टॉटलने दोन गोष्टींवर भर दिला: दैवाचा पालट आणि सत्याची ओळख. ईडिपसमध्ये दोन्ही एकाच वेळी होतात. कोरिंथहून आलेला दूत त्याची भीती घालवायला म्हणून जे सांगतो, त्यानेच सगळं उघडं पडतं. तुमच्या नाटकात या दोन जागा शोधा आणि त्यांच्यात किती अंतर आहे ते पाहा.

इथे एक समज काढून टाकावा लागतो. आपला दोष कळत नाही म्हणून नायक पडतो, असं आपण धरून चालतो. मॅकबेथला खुनाच्या आधीच सगळं कळलेलं असतं. आणि सुधाकर? व्यसनी माणूस कोणकोणत्या अवस्थांमधून जातो आणि त्याला परत फिरणं का जमत नाही, हे तो रामलालला स्वतः समजावून सांगतो. एखाद्या निष्णात वकिलाने दुसऱ्याच्या खटल्यात बाजू मांडावी तितक्या स्वच्छपणे तो स्वतःची बाजू मांडतो. बुद्धी शाबूत आहे, वाणी शाबूत आहे, आणि तरीही तो परत फिरू शकत नाही. हा भाग मंडळात मोठ्याने वाचून घ्या, आणि वाचणाऱ्याला रडवेला आवाज काढू देऊ नका. तो जितका शांतपणे वाचला जाईल तितका अंगावर येतो. कळणं आणि वळणं यांतलं अंतर आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणा ना कुणाच्या रूपाने बसलेलं असतं, ते तेव्हा ऐकू येतं.

पायरी सातवी: किंमत कुणी मोजली?

चार रकान्यांच्या यादीला आता पाचवा जोडा. प्रत्येक निर्णयाची किंमत कुणी मोजली? डेस्डेमोना, मॅकडफची मुलं, सिंधू, तिचं तान्हं बाळ. 'नायकाचा ऱ्हास' म्हणताना आपण एकाच माणसाकडे पाहतो, पण रकाना भरला की त्यातली बरीच नावं दुसऱ्यांची निघतात.

सिंधूचा प्रश्न अवघड आहे. मरताना ती नवऱ्याला वाचवायला खोटा जबाब देते. बालगंधर्वांनी ही भूमिका अशी काही गाजवली की पिढ्यान्पिढ्या ती पतिव्रतेचा आदर्श म्हणूनच पाहिली गेली. मला ती तशी वाचता येत नाही. तिच्यासाठीही पहिल्या पायरीपासून यादी करा. ज्या निष्ठेने तिने संसार उभा केला, त्याच निष्ठेमुळे तिला मुलाला घेऊन बाहेर पडता आलं नाही. तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याच्या तोंडावर बोलते. गडकऱ्यांनी या दोघी समोरासमोर ठेवल्या आहेत, त्या तशाच वाचा.

आणि एक तोल सांभाळा. दोष आणि शिक्षा यांचं माप बरोबर जुळलं तर ती शोकांतिका राहत नाही, तो न्याय होतो. सुधाकरचा दोष एवढा मोठा नव्हता की त्यासाठी बाळाचा जीव जावा, सिंधूने मरावं आणि त्याने विष घ्यावं. 'केलं तसं भोगलं' हे वाक्य लिहायचा मोह झाला तर पेन्सील खाली ठेवा.

जिथे ही रीत अडते

सगळीकडे ही फूटपट्टी लावू नका. संस्कृत नाट्यपरंपरेत नायकाच्या दोषाला हे स्थान नाही, तिथे विचार रसाचा आहे. नाट्यशास्त्राची अभिनवगुप्तांच्या टीकेसह निघालेली आवृत्ती १९२६ पासून आपल्याच बडोद्यातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध होऊ लागली. ती पाहिली की दुसऱ्या बाजूचा विचार किती खोल आहे ते कळेल. भासाच्या 'ऊरुभंगा'त मांडी मोडलेला दुर्योधन सूडाला पेटलेल्या बलरामाला आणि अश्वत्थाम्याला आवरतो. तिथे दोष शोधत बसलात तर मरता मरता मोठा होत गेलेला माणूस नजरेतून सुटेल.

कर्णाच्या बाबतीतही जपून. जन्म, शाप, मागून नेलेली कवचकुंडलं, एवढं ओझं बाहेरून लादलेलं आहे की निर्णयांची यादी आखूड होते. पण ती रिकामी होत नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो आणि तो नाकारतो. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलतो, तेही त्याचंच बोलणं आहे.

'नटसम्राट' (१९७०) घेतलंत तर दोन वेगवेगळे परिच्छेद लिहा. एकात गणपतराव बेलवलकरांचा दोष: सगळं वाटून टाकून मोकळं होण्याची घाई, आणि घरातल्या माणसांकडूनही प्रेक्षकांसारख्या दादेची अपेक्षा. दुसऱ्यात मुलांचा वाटा. पहिलाच परिच्छेद लिहिला तर मुलं सुटतात, दुसराच लिहिला तर उरतो फक्त अश्रुपात.

लिहिताना आणि बसवताना

उत्तर किंवा लेख लिहिताना सुरुवात दोषाच्या नावाने करू नका, प्रसंगाने करा. नमुना म्हणून:

'दारू सोडलेला सुधाकर काम मागायला जातो तेव्हा तो शुद्धीवर असतो. तरीही लोकांनी टर उडवताच तो कोर्टातल्या दिवशी जसा वागला तसाच वागतो: ते दुःख घेऊन तो दुसऱ्या दिवसापर्यंत पोचू शकत नाही. ज्या मानीपणाने त्याला वकील केलं, तोच त्याला सुधारण्याच्या वाटेवरून मागे खेचतो.'

तीनच वाक्यं, पण ती दुसऱ्या कुठल्याही नाटकात नेऊन ठेवता येणार नाहीत. आपलं लेखन तपासायला ही कसोटी पुरे आहे.

नाटक बसवत असाल तर सुधाकर करणाऱ्या नटाला सांगा, पहिला प्याला हातात येईपर्यंत दारू मनातही आणू नकोस. त्याचा मानीपणा उभा कर. ताठ पाठ, नेमके शब्द, आपल्या हुशारीचा आनंद. प्रेक्षकांना तो आवडला पाहिजे. पुढे नशेचे प्रसंग आले की झोकांड्या खाण्याची हौस आवरावी लागते. प्यायलेला मानी माणूस आपण प्यायलेलो नाही हे दाखवण्यासाठी जिवाचं रान करतो. प्रत्येक पाऊल मोजून टाकतो, प्रत्येक शब्द जपून उच्चारतो. ती धडपड दिसली की नशाही दिसते आणि सुधाकरही.

वाचन मंडळात हे सगळं तीन बैठकांत बसतं. पहिलीत नुसतं वाचन, भूमिका वाटून. दुसरीत निर्णयांची यादी आणि अदलाबदल, आणि त्या दिवशी वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं हजर राहतील असं पाहा, कारण वकील, परिचारिका, दुकानदार प्रत्येकजण वेगळा मार्ग सुचवतो. तिसरी बैठक फक्त सिंधूसाठी ठेवा. तिचं माहेर श्रीमंत आहे, तरी ती दळण दळून संसार चालवते. असं का, ते संहितेत शोधून आणायला सगळ्यांना आठवडाभर आधी सांगा, आणि तो निर्णय सुधाकरच्या यादीत लिहायचा की सिंधूच्या, यावर हात वर करून मत घ्या.